गुलमर्ग: नवा बर्फ, न उतरलेला उतार आणि काकांचे पैसे

निघण्याआधी, पुणे

गुलमर्गला स्कीला जायचं होतं, म्हणून जानेवारीतले तीन रविवार आम्ही वेताळ टेकडीवर पाचोळा उपसत होतो. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र असतं, ॲव्हलांच बीकन. वर्षभर कपाटात पडून राहिलं की हात विसरतात, म्हणून हा सराव. एकाने आपला बीकन ग्लिरिसिडियाच्या पाल्याखाली लपवायचा, बाकीच्यांनी आपापले बीकन शोधायच्या मोडवर टाकून पडद्यावरचा बाण आणि आकडा बघत जायचं. आकडा साधारण मीटरमध्ये. बत्तीस, अठरा, सात. तीनच्या आत आलं की यंत्र जमिनीला जवळजवळ टेकवून हळू हळू सरकवायचं.

टेकडीवर फिरायला येणारी मंडळी थांबायची. "काही हरवलंय का?" एका आजोबांना माझ्या भाच्याने सगळं पाच मिनिटं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "पण इथे बर्फ कुठाय?"

तिसऱ्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी बीकन थालीपिठाच्या रिकाम्या डब्यात घालून लपवला. शोधताना काकांचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला. चौदा, एकोणीस, सव्वीस. काका यंत्राला शिव्या देत असताना समोरून एक कुत्रं डबा तोंडात धरून एआरएआयच्या दिशेने जाताना दिसलं. बीकन परत मिळवायला अकरा मिनिटं लागली. हसून झालं आणि मग कुणीच काही बोललं नाही. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर बहुतेक वेळा जगतो. पुढे एकेका मिनिटाला ती शक्यता झपाट्याने खाली येते. खालून कुणी मदतीला येईपर्यंत तेवढा वेळ उरत नाही. जे वाचवायचं ते सोबतच्यांनीच.

त्याच दिवशी भाच्याने मोबाईलवर उताराचा कोन मोजला. टेकडीवरचा जो उतार आम्हाला 'बापरे' वाटत होता, तो भरला २२ अंश. काकांनी पस्तीस सांगितला होता, मी तीस. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

माणसं चार. मी, बँकेतली नोकरी, औलीला स्कीचे दोन कोर्स केलेली. भाचा, हिंजवडीत, आमच्यात सगळ्यात चांगला स्कीअर आणि सगळ्यात उतावळा. डॉक्टरीणबाई, माझी शाळेपासूनची मैत्रीण. आणि काका, वय ६१, ऑफिसच्या ट्रेकिंग ग्रुपमधले, सह्याद्रीतले दीडशेवर किल्ले पायाखाली, स्कीवर पाच हिवाळे. काकांचं तत्त्व एकच, निघालो की माथा गाठायचा.

दिवस १: पुणे ते गुलमर्ग

पहाटेचं विमान, दिल्लीला बदल, दुपारी श्रीनगर. यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त एक: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. काकांना हे श्रीनगर विमानतळावर कळलं.

टंगमर्गला पोचलो तेव्हा बर्फ सुरू झाला होता. तिथून गुलमर्ग तेरा किलोमीटर, घाटाचा रस्ता. चाकांना साखळ्या बांधलेली गाडी घ्यावी लागते. ड्रायव्हरने साखळ्या बांधता बांधता आमच्याकडे बघून म्हटलं, "शीन मुबारक." शीन म्हणजे बर्फ. पहिल्या बर्फाला इथे एकमेकांना मुबारक देतात. हा काही मोसमातला पहिला नव्हता, पण जानेवारी कोरडा गेल्याने त्याला तो पहिल्यासारखाच वाटत होता. चिल्ला-ए-कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे थंडीचे चाळीस दिवस, बर्फाविना काढायचे म्हणजे इथल्या माणसाला आपल्याकडचा कोरडा आषाढ.

कोरड्या जानेवारीची ही गोष्ट मी गप्पांमध्ये ऐकली आणि सोडून दिली. तिचा अर्थ चौथ्या दिवशी कळला.

हॉटेल गुलमर्गच्या पठारावर, साधारण २६५० मीटरवर. खोलीत बुखारी, म्हणजे लाकडावर पेटणारी शेगडी, अंथरुणात विजेचं ब्लँकेट. नळाचं पाणी रात्री गोठतं, म्हणून झोपण्याआधी बादली भरून ठेवायची. हॉटेलवरच्या पोराने जेवायला राजमा-भात आणि हाक, म्हणजे मोहरीच्या तेलातली तिथली पालेभाजी, आणली. त्यावर आम्ही पुण्याहून नेलेली शेंगदाण्याची चटणी घेतली. मोहरीच्या तेलाशी तिचं चांगलं जमतं.

दिवस २: नुसता बर्फ

सकाळी खिडकीतून समोरचं कुंपण दिसेना. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून ओल घेऊन येणारी वादळं, हिवाळ्यात काश्मीरला बर्फ देतात आणि तशातलंच एक आमच्या डोक्यावर येऊन बसलं होतं. गंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारी केबल कार, बंद.

गाइड दहाला आला. पस्तिशीचा, गुलमर्गखालच्या गावातला, कमी बोलणारा. त्याने आधी आमचं सामान जमिनीवर मांडायला लावलं. बीकन, प्रोब, फावडं, प्रत्येकी तिन्ही. प्रोब म्हणजे घडीची लांब काठी, बर्फात खुपसून माणूस लागतो का ते बघायची. तिन्हीपैकी एक नसेल तर उरलेल्या दोन्हींचा उपयोग नाही. बीकनने जागा सापडते, पण खोली आणि नेमका बिंदू प्रोबशिवाय कळत नाही, आणि हिमस्खलनाचा, म्हणजे डोंगरावरून सुटून आलेला, बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो, तो हाताने उकरत नाही.

डॉक्टरीणबाईंचा स्वतःचा बीकन कुत्र्याच्या प्रसंगानंतर जरा खरखरत होता, म्हणून त्यांनी तिथे एक भाड्याने घेतला. तो सिग्नल पाठवत होता, पण शोधायच्या मोडमध्ये आंधळा. बॅटरीच्या खोबणीत हिरवा गंज. दुकानात परत नेला तर दुकानदार म्हणाला, "भेजता तो है ना?" दुसरीकडून दुसरा घेतला. भाड्याचा बीकन घेताना दोन्ही मोड दुकानातच तपासून घ्या, तीन अँटेनांचा आहे ना विचारा, आणि साध्या अल्कलाइन बॅटऱ्या पुण्याहून न्या. रिचार्जेबल नकोत, त्यांची पातळी यंत्राला नीट वाचता येत नाही.

दुपारी पठारावर सराव. इथे एक गंमत झाली. काकांचा बाण सारखा भरकटत होता. गाइडने त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि खिशातून मोबाईल काढला. मोबाईलच्या कव्हरला चुंबक. सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर बोलतात आणि शेजारी मोबाईल, गो-प्रो किंवा चुंबक असला की गोंधळतात. चालताना वीस सेंटीमीटर, शोधताना पन्नास सेंटीमीटर लांब ठेवायचं. त्या दिवसापासून काकांचा मोबाईल सॅकच्या तळाशी, बंद करून. फॅमिली ग्रुपवर दर तासाला जाणारे फोटो थांबले. काकूंनी मला काळजीने फोन केला.

उकरायचीही पद्धत असते. प्रोब लागला की तो तसाच रोवलेला ठेवायचा, त्याच्या खालच्या बाजूला, खोलीच्या दीडपट अंतर सोडून खणायला लागायचं, आडवं माणसाकडे जायचं. वरून खड्डा खणला तर आपणच त्याच्या डोक्यावर उभे राहतो. एकाने खणायचं, मागच्यांनी बर्फ मागे ढकलत राहायचं, मिनिटामिनिटाला पुढचा बदलायचा. भाच्याची सॅक दीड मीटर खाली पुरली होती. ती काढायला आम्हा तिघांना साडेनऊ मिनिटं लागली. सॅक होती म्हणून.

संध्याकाळी बुखारीभोवती गाइडने जुन्या गोष्टी काढल्या. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गच्या वर खिलनमर्गला सेनेच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन आलं, १७ जवान गेले. बर्फातच राहायचं शिकणारी ती माणसं. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवट डोंगरावरच्या हापतखुडमध्ये दोन पोलिश स्कीअर. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. तो गोष्टी सांगत होता तसा आवाज चढवत नव्हता. शेवटी बाकरवडीचा पुडा स्वतःकडे ओढून म्हणाला, "ये क्या है? मीठा भी है, तीखा भी."

दिवस ३: बाबा रेशी

रात्रभर पडून गाडीच्या टपावर ५५ सेंटीमीटर. सकाळीही पडतच होता. गंडोल्याचा वरचा टप्पा बंद, म्हणजे मधल्या कोंगडोरी स्टेशनपासून अफरवटपर्यंतचा. भाचा खिडकीला नाक लावून बसलेला. गाइड म्हणाला, आज जंगल.

गुलमर्गच्या पठाराच्या कडेवरून खाली बाबा रेशींच्या दर्ग्यापर्यंत फर आणि पाइनच्या जंगलातून उतरता येतं. पडत्या बर्फात हेच बरं. दाट झाडं थराला धरून ठेवतात, वाऱ्याचा मारा कमी असतो, आणि धुक्यात निदान झाड तरी दिसतं. झाडी आहे म्हणजे निर्धास्त असंही नाही. ज्या झाडीतून आरामात स्की करता येते, तिथून बर्फही येऊ शकतो. एका घळीपाशी गाइडने थांबवून वर बघायला सांगितलं. घळीकाठच्या झाडांना वरच्या अंगाला फांद्याच नव्हत्या, खालच्या अंगाला होत्या. कुणीतरी एका बाजूने कोयत्याने साफ केल्यासारखी झाडं. वरून येणारा बर्फ दर काही वर्षांनी त्या सोलून नेतो. ती घळ आम्ही एकेकाने, न थांबता ओलांडली.

आणि बर्फ! कापसासारखा वगैरे म्हणतात तसा नाही. कापसाला हाताला काहीतरी लागतं. हा गुडघ्यापर्यंत होता आणि लागतच नव्हता. वळण घेतलं की छातीवर उडायचा आणि आवाज फक्त आपल्या श्वासाचा. काका दोनदा डोक्यावर पडले. दुसऱ्यांदा झाडाच्या बुंध्याभोवती जो पोकळ खड्डा तयार होतो त्यात. नुसत्या स्की वर दिसत होत्या. यातही माणूस गुदमरतो, म्हणून जंगलात दोघादोघांनी जोडी करून, एकमेकांच्या नजरेत राहायचं. भाच्याने त्यांना ओढून काढलं तेव्हा मिशीवर बर्फाचे लाडू आणि तोंडभर हसू. "वसूल!" म्हणाले.

खाली दर्ग्याजवळच्या टपरीत नून चहा. गुलाबी, खारट, वर साय. भाच्याने एक घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवला, "मावशी, हे तुझं." मला आवडला. सोबत तिळाची छोटी कडक रोटी. टपरीवाल्याने फेरनच्या, म्हणजे ढगळ काश्मिरी झग्याच्या, आतून कांगडी (निखाऱ्यांची टोपली) काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली, त्यांची बोटं पांढरी पडली होती. परत वर जायला जीपवाले उभेच असतात. पैसे आधी ठरवा, आणि बर्फ झटकूनच आत बसा. नाहीतर जीपवाल्याची बोलणी खावी लागतात. आम्ही खाल्ली.

त्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या.

दिवस ४: निळं आभाळ

जागी झाले ती उन्हाने. अफरवट आख्खा समोर. आदल्या दोन दिवसांत जो नव्हताच असं वाटत होतं तो डोंगर रात्रीतून आणून ठेवलाय. एकही रेघ नाही. गंडोल्याच्या रांगेत सगळं जग उभं, आणि सगळ्यांचे डोळे वर.

अशा दिवसाबद्दल एक गोष्ट पुस्तकात वाचलेली होती पण रांगेत उभं राहून कळली. बर्फ थांबून ऊन पडलं की माणसाला वाटतं, धोका सरला. उलट वादळानंतरचा पहिला दीड-दोन दिवस सगळ्यात वाईट. बर्फ अजून बसलेला नसतो, वाऱ्याने इकडचा तिकडे नेलेला असतो, आणि आपल्याला दिसतो फक्त निळा रंग.

धोक्याची पातळी एक ते पाचमध्ये सांगतात. डीआरडीओची चंडीगडची संस्था डीजीआरई काश्मीरमध्ये जिल्हावार इशारा देते, पण तो अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या उताराचा नसतो. त्या दिवशी गाइड लोकांच्या बोलण्यात होती तीन, म्हणजे मधली. मधली म्हटल्यावर काकांना हायसं वाटलं. "पाचात तीन, म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास." खरं तर सगळ्यात जास्त माणसांचा जीव तीनलाच जातो. चार-पाचला लोक घरी बसतात, तीनला 'बघू तरी' म्हणून निघतात.

वरचा टप्पा साडेअकराला उघडला. वरचं स्टेशन जवळपास ३९५० मीटरवर. पंधरा-वीस मिनिटांत माणूस १३०० मीटर वर फेकला जातो, डोकं धरतं, चार पावलांत धाप लागते. उत्तरेला नंगा पर्वत. माझ्यासाठी तिकिटाचे पैसे तिथेच फिटले होते.

गुलमर्गमध्ये हे नीट समजून घ्या. गंडोल्याच्या तारेखालचा मोठा वाडगा, म्हणजे वाडग्यासारखा खोलगट उतार, तेवढा स्की पेट्रोल (तिथलं सुरक्षा पथक) तपासतं. त्याच्या दोरीबाहेर दहा पावलं गेलं की ती बॅककंट्री, म्हणजे कुणी न तपासलेला मोकळा डोंगर. दोरीच्या आत आणि बाहेर बर्फ सारखाच दिसतो, लिफ्टही तीच, त्यामुळे आपण मोठ्या डोंगरात एकटे आलोय हे मनाला पटत नाही.

आम्हाला जायचं होतं बाजूच्या एका वाडग्यात. पुण्यात बसून नकाशावर पाहिलेला, भाच्याने मोबाईलच्या पडद्यावर लावलेला. स्कीच्या तळाला स्किन्स चिकटवून (एका दिशेने सरकणारा, उलट दिशेने अडणारा केसाळ पट्टा) कडेने चालायला लागलो. निघण्याआधी बीकनची तपासणी. गाइड पुढे जाऊन उभा, एकेकाने त्याच्या जवळून जायचं, पीं-पीं ऐकू आली की पुढचा.

कडेवर वारा. माथ्यावरून बर्फाचा झेंडा आमच्या बाजूला उडत होता. पश्चिमेकडून येणारा वारा पलीकडचा बर्फ उचलून अलीकडच्या उतारावर टाकत होता. आभाळातून पडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेगाने वारा तो साठवतो, वर दाबून घट्टही करतो. पायाखाली बर्फ बदललेला जाणवत होता. काल जो लागत नव्हता तो आज थापल्यासारखा, काठी टेकली तर ठक्.

एका सपाट खोलगटीतून जाताना ते झालं. धप्प. कुणीतरी खालच्या मजल्यावर गादी टाकल्यासारखा आवाज, आणि माझ्यासकट आजूबाजूची जमीन दोन बोटं खाली बसली. भाच्याच्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग सुटली आणि तीन-चार मीटर पळत गेली. कुणी हललं नाही. सपाटीवर होतो म्हणून नुसता आवाज. तीसच्या वर, पंचेचाळीसच्या खालच्या उतारावर हेच झालं असतं तर अख्खा थर सुटला असता.

गाइडने फावडं काढलं आणि एका सुरक्षित जागी, त्याच दिशेला तोंड असलेल्या छोट्या उतारावर खड्डा खणला. छातीएवढा. भिंत गुळगुळीत कापली आणि मला म्हणाला, हात फिरवा. वर पन्नासेक सेंटीमीटर नवा थर, वरून खाली बोट फिरवताना घट्ट होत जाणारा. त्याखाली एक पातळ कडक पापुद्रा. आणि पापुद्र्याखाली बोट आपोआप आत गेलं. तिथला बर्फ बर्फच नव्हता, जाडी साखर होती. हातात घेऊन मूठ वळली तर गोळा होईना, बोटांमधून ओघळला. भिंगातून बघितला, दाण्यांना धारा आणि पैलू, चकचकीत. कोरड्या जानेवारीत पातळ बर्फावर स्वच्छ थंड रात्री गेल्या की तळाची ऊब आणि वरचा गारठा यांच्या ओढाताणीत बर्फाचे दाणे असे होतात, एकमेकांना धरेनासे. टंगमर्गच्या ड्रायव्हरचा कोरडा महिना इथे भिंतीत दिसत होता, चार बोटं जाडीचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, ही तर नारळाची वडी." अगदी. ताटाला तूप लावायचं, वर रवा भुरभुरायचा, त्यावर मिश्रण थापायचं. ताट आडवं आहे तोवर काही नाही. तिरकं धरून एका कोपऱ्यात बोट दाबलं की सगळी वडी एका तुकड्यात सरकते. बोट म्हणजे आपण. स्कीअर सापडतो ती बहुतेक स्खलनं त्याने स्वतः किंवा त्याच्या सोबत्याने सोडलेली असतात.

मग चाचणी. नव्वद सेंटीमीटर रुंद, तीस खोल असा बर्फाचा ठोकळा मागून-बाजूने कापून मोकळा केला. एका टोकावर फावड्याचं पातं आडवं ठेवून त्यावर ठोके. पहिले दहा मनगटातून, पुढचे दहा कोपरातून, शेवटचे दहा खांद्यातून. गाइड मोजत होता. दहापर्यंत काही नाही. अकरा. बारा. तेराव्या ठोक्याला साखरेच्या थरापाशी एक रेघ उमटली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम गेली. वरचा ठोकळा सुटून त्याच्या मांडीवर आला. टोकाखालीच तडा गेला असता तर गोष्ट वेगळी. पूर्ण रुंदी धावला म्हणजे उतारावरही धावेल.

गाइडने फावडं पुसलं. "नीचे वाला नहीं. वापस."

काका खड्ड्याकडे बघत होते, नंतर वाडग्याकडे. भाच्याने कोन मोजला, ३६ अंश. काकांनी अंदाजाने अठ्ठावीस सांगितला होता. टेकडीवर बाविसाला पस्तीस म्हणणारा माणूस इथे छत्तिसाला अठ्ठावीस म्हणतो. हवं तसं डोळे मोजतात.

"एवढे प्रत्येकी सत्तर हजार घालून आलो," काका म्हणाले, "दोन दिवस पावसात... बर्फात गेले. आता ऊन आहे, आपण वर आहोत. कडेकडेने गेलो तर?" त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. मलाही जायचं होतं. रजा, पैसे, पुण्यात सगळ्यांना सांगून आलेलो, एवढं सगळं त्या उताराच्या बाजूने बोलत होतं, आणि विरुद्ध बाजूने एक रेघ.

गाइड इतकंच म्हणाला, "चाचा, आज का टिकट मैं दे दूँगा."

त्यावर काकांनी स्किन्स काढल्या.

आम्ही आलो त्याच वाटेने कडेवर परत गेलो आणि दोरीच्या आतून उतरलो. उतरताना बघितलं तर तीन परदेशी आणि त्यांचा गाइड त्याच वाडग्याच्या माथ्यावर. एकेक जण, मध्ये अंतर ठेवून, उतरले. चार सुंदर नागमोडी रेघा. काही झालं नाही. अजिबात काही झालं नाही.

रात्रीच्या जेवणाला कुणाला भूक नव्हती. आपण घाबरट की ते नशीबवान, हे कळायला मार्ग नाही. किल्ल्याच्या वाटेवर दगड सुटला तर लगेच कळतं की इथे पाय टाकायचा नव्हता. इथे चूक करूनही माणूस मस्त फोटो घेऊन परत येतो आणि पुढच्या वेळी त्याच भरवशावर जातो. थर सगळीकडे सारखाही नसतो. त्यांच्या स्की जिथून गेल्या तिथे तो जाड असेल, चार मीटर डावीकडे पातळ असेल. डोंगर सांगत नाही.

दिवस ५: रेघा

जेवणघराच्या खिडकीतून त्या चार रेघा स्पष्ट दिसत होत्या. काका नाश्त्याला त्याच खुर्चीवर बसले. परोठा, दही, रेघा.

दिवसभर कोंगडोरीच्या खालच्या जंगलात, पंचवीस अंशांच्या आतले उतार शोधत फिरलो. वर तीव्र उतार टांगलेला नाही ना, तेही बघायचं, कारण सपाट जागीसुद्धा वरचा बर्फ येऊन गाठतो. भूर्जाची झाडं लागली. सालीचा पापुद्रा वाऱ्यावर फडफडत होता, तोच तो, ज्यावर पोथ्या लिहायचे. डॉक्टरीणबाईंनी पडलेला एक तुकडा वहीत ठेवला. दुपारी उन्हाने दक्षिणेकडच्या उतारांवरून बर्फाचे गोळे घरंगळायला लागले, तेव्हा गाइडने घड्याळ बघितलं आणि आम्ही खाली.

दिवस ६: एक सांगण्यासारखी धाव

वरच्या स्टेशनपासून पठारापर्यंत दोरीच्या आतून, थांबत थांबत, जवळपास १३०० मीटर. बर्फ आता कापलेला, ठिकठिकाणी उंचवटे, मांड्या पेटलेल्या. भाचा तीनदा, मी दोनदा. काका एकदा, पण एकदाही न पडता. खाली येऊन ते स्कीवरच उभे राहिले, वर बघत.

मी गाइडला विचारलं, आता तरी तो वाडगा चालेल का? दोन थंड रात्री गेल्या, वरचा थर बसला असेल. तो म्हणाला, वरचा बसला, खालची साखर तशीच आहे. वाऱ्याने आणलेला थर दोन-चार दिवसांत बरा होतो, साखर आठवडेच्या आठवडे तशीच राहते, आणि वरून काही दिसत नाही. कुठल्या महिन्यात कसला बर्फ पडला ते ठाऊक असलेला माणूस सोबत हवा तो यासाठी. गाइडच्या पैशात घासाघीस करू नका. हॉटेलात करा.

विम्याचंही इथेच सांगते. साध्या प्रवास विम्यात स्की पट्ट्याबाहेर गेलात की बहुतेक वेळा काही मिळत नाही, अटी वाचून घ्या. एअरबॅगची सॅक न्यायची असेल तर तिच्या गॅसच्या नळकांड्यासाठी विमान कंपनीची आधी लेखी परवानगी काढा. पॉवर बँक हातातल्या सामानात. आणि नाकाच्या खालच्या बाजूला सनस्क्रीन. बर्फावरून ऊन खालून येतं. माझ्या नाकाचा खालचा भाग आठवडाभर सोलत होता.

दिवस ७: हरिसा, मग लोहगाव

पहाटे सहाला निघून श्रीनगरच्या जुन्या शहरात हरिसा. रात्रभर जमिनीत पुरलेल्या हंड्यात मटण आणि तांदूळ शिजवत, घोटत ठेवतात, सकाळी वर कढत तेल ओतून देतात. चर्रर्र. उशिरा गेलं तर संपतो. हंड्यावर मांडी घालून बसलेल्या माणसाने भाच्याला तिसरी वाढ न विचारता दिली.

लोहगावला उतरलो तर ३३ अंश. स्कीची लांब पिशवी रिक्षात आडवी मावेना, शेवटी तिरकी, अर्धी बाहेर. रिक्षावाले मागे वळून म्हणाले, "पडद्याचे रॉड का?" काका म्हणाले, "हो." मग येरवड्याच्या सिग्नलला त्यांनी मोबाईल काढून रिक्षावाल्यांना एक फोटो दाखवला. मला वाटलं नंगा पर्वत असेल. त्या चार रेघा होत्या. "ह्या आमच्या नाहीत," काका म्हणाले. रिक्षावाल्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि सिग्नल सुटला.

घरी आल्यावर बीकनमधल्या बॅटऱ्या काढून ठेवायला विसरू नका, वर्षभर आत राहिल्या की पाझरतात. आणि स्किन्स सावलीत वाळवा, उन्हात वाळवल्या की त्यांचा गोंद जातो. माझ्या सध्या बाथरूमच्या दांडीवर आहेत. कामवाल्या मावशींनी त्या दोनदा झटकून पाहिल्या.